निळीची पाठवणी

मुलांनो, परवाच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमची नवी काचेची टाकी दाखवलीत आणि तिच्यात कोणते समुद्री मासे ठेवायचे ते सांगितलंत. दोघं एकाच वेळी बोलत होता, त्यामुळे मला कळलं ते एवढंच की एक निळा हवा आहे, एक पिवळा, एक तो काटेरी पंखांचा लायनफिश, आणि "आजी, छोटा शार्क पण मिळतो!" मागून तुमचा बाबा म्हणाला, "आजीला विचारा, तिची परवानगी लागेल." मी तेव्हा हसले आणि टाकीची लांबी तेवढी विचारून घेतली. दोन फूट.

रविवारी तुम्ही दुकानात जाणार आहात. त्याआधी हे तुमच्या हाती पडावं म्हणून आज सकाळची कामं आटोपून लिहायला बसले आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. अडलं तर आईला विचारा, पण शेवटपर्यंत वाचा. इथे आपल्या घरच्या टाकीत एक निळा मासा होता आणि आता नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे. तो का नाही, हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. फोनवर आबा मला वाक्य पुरं करू देत नाहीत.

आपल्या टाकीची सुरुवात आबांच्या दाढेपासून झाली. त्या वर्षी त्यांची अँजिओप्लास्टी झाली होती. आबा कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले असले तरी निवृत्ती फक्त पगारापुरती होती. रोज सकाळी मोटरसायकल काढून कोणाची ना कोणाची कपाशी बघायला जायचेच. डॉक्टरांनी ते बंद केलं. मग आबा वऱ्हांड्यात फेऱ्या मारायचे. फाटकाकडच्या खांबापासून स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत आणि परत. बोलणं कमी, जेवण कमी. पेपर उघडून तसाच मांडीवर. मी चाळीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं, पण गप्प बसलेल्या माणसाला बोलतं करायचं मला काही जमेना.

अशात दाढ दुखायला लागली म्हणून मी त्यांना यवतमाळला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे पेशंट बसतात त्या खोलीत भिंतभर, सहा फूट लांबीची टाकी होती. खाऱ्या पाण्याची. आपण पांढरकवड्याची माणसं. समुद्र आमच्यासाठी कोणत्याही बाजूला गेलं तरी लांबच. आबा टाकीसमोर जे उभे राहिले ते नाव पुकारलं तरी हलेनात. डॉक्टर स्वतः बाहेर आले.

"डॉक्टरसाहेब," आबांनी एका माशाकडे बोट दाखवलं, "हा निळा जिता आहे का प्लॅस्टिकचा?"

तो मासा वळला आणि आबांकडे तोंड करून थांबला. गडद निळा, अंगावर काळी नक्षी, शेपूट पिवळीजर्द. आबा खुदकन हसले. दाढ दुखत असलेला माणूस हसला, आणि तेही कितीतरी महिन्यांनी. परतीच्या बसमध्ये गाल धरून ते म्हणाले, "मॅडम, आपल्याले हेच पाह्यजे."

मी त्यांची बायको असले तरी सगळ्या गावासारखे तेही मला मॅडमच म्हणतात. त्यातून चेष्टा किती आणि आदर किती, ते मी अजून शोधते आहे.

मी नेहमीच्या सवयीने आधी समुद्री माशांबद्दल वाचायला घेतलं. हॉलमध्ये शोकेस आणि खिडकी यांच्या मध्ये तीन फुटांची भिंत मोकळी होती, म्हणून टाकी तीन फुटांचीच येणार होती. दातांचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "काकू, टाकी आधी मोजा, मग मासा बघा. आणि दुकानातला मासा बघू नका, तो पुरा वाढल्यावर केवढा होतो ते बघा." दुकानात बोटाएवढा दिसणारा तो निळा मासा वाढून फूटभर होतो, आणि समुद्रात तो दिवसभर लांब लांब पोहत असतो. तीन फुटांत तो काय करणार?

पण मासे पुढे. आधी पाणी. आमच्या बोअरच्या पाण्याने नळाच्या तोट्या पांढऱ्या पडतात, म्हणून स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी भरायचं, त्यात समुद्री मीठ विरघळवायचं, तळाला वाळू, वर दगड, आणि मग मासे न घालता काही आठवडे नुसतं थांबायचं. त्या काळात दगडांवर उपयोगी जंतू वाढतात आणि ते माशांची घाण पचवतात. हे न करता मासे सोडले तर मरतात. आबांना हे लगेच पटलं, कारण त्यांच्या भाषेत हे शेणखतासारखं होतं; कच्चं टाकलं की पीक जळतं.

गल्लीला मात्र पटेना. टाकी बघायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि आबा दिवा लावून त्यांना वाळू आणि दगड दाखवायचे.

"मासे टाकायचे राह्यले काय?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नाही. पाणी पिकून राह्यलं."

"पाणी पिकते?"

"आंबा पिकते तसं. घाई केली तर आंबट."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आजारपणाचा परिणाम डोक्यावर झाला की काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. पण आबा बोलत होते, दिवसभर बोलत होते, आणि मला तेवढं पुरेसं होतं.

पाणी पिकल्यावर आम्ही नागपूरला गेलो. दुकानात शिरल्याशिरल्या आबा निळ्या माशासमोर. दुकानदाराने गिऱ्हाईक ओळखलं.

"ले जाओ अंकल, बच्चा है. तीन फूट में आरामसे रहेगा. टाकी छोटी असली ना, तर मासा पण छोटाच राहते."

"छोटा राहत नाही," मी म्हटलं. "खुरटतो आणि मरतो."

"मॅडमजी, मैं बीस साल से बेच रहा हूँ."

"विकता तुम्ही. पाळत नाही ना?"

आबा मध्ये पडले. "अवं, केवढासा तर आहे. आपल्या टाकीत याच्यासारखे दहा मावतीन."

"अहो," मी म्हटलं, "आयुष्यभर शेतकऱ्यांना काय सांगत आलात? कपाशी टोबताना मातीत खोचता ते बी नखाएवढं असतं, तरी दोन झाडांत हात-दोन हात जागा का सोडायला लावता?"

दुकानदार माझ्याकडे आणि आबांकडे आळीपाळीने बघत राहिला. शेवटी आबा त्याला म्हणाले, "जाऊ दे भाऊ. हे बाई आपलंच औषध आपल्यालेच पाजून राह्यली."

त्या दिवशी आम्ही क्लाउनची जोडी आणली, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची. ते बोटाएवढे असतात आणि बोटाएवढेच राहतात, फार पोहत नाहीत, टाकीचा एक कोपरा आपला म्हणतात आणि तिथेच डुलत बसतात. नंतरच्या फेरीत तळाशी राहणारा एक गोबी मासा आणि त्याच्यासोबत राहणारी एक कोळंबी आणली. मुलांनो, ही जोडी तुम्ही आणाच. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही, पण ती दिवसभर वाळू उपसून बीळ करते. गोबीला खणता येत नाही, पण डोळे तीक्ष्ण. तो बिळाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसतो आणि कोळंबी आपली एक मिशी कायम त्याच्या अंगाला लावून असते. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघं आत गडप. आबा म्हणतात, आमच्या घरातही असंच आहे. फक्त कोळंबी कोण, यावर आमचं एकमत होत नाही.

तर टाकी शहाणपणाने भरली होती. वर काही नाही, मध्ये जोडी, खाली पहारेकरी आणि खणकरी. मी समाधानी होते. आबाही होते, पण यवतमाळला गेलो की अजून त्या निळ्यासमोर उभे राहायचे. आणि एकदा ही गोष्ट त्यांनी फोनवर ताईंना सांगितली.

ताई म्हणजे आबांच्या थोरल्या बहीण, तुमची आर्णीची आत्याआजी. तुम्ही त्यांना लहानपणी पाहिलं आहे. त्यांनी तुम्हाला गालगुच्चे घेऊन रडवलं होतं. आबांची आई ते लहान असतानाच गेली. ताईंनी त्यांना कडेवर घेऊन वाढवलं, स्वतःचं लग्न होईपर्यंत. त्यामुळे आबा जगात कोणालाही नाही म्हणू शकतात, मलाही, पण ताईंना नाही.

दिवाळीला ताई नागपूरला लेकीकडे होत्या. भाऊबीजेला तिथून थेट आमच्याकडे उतरल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा, छातीशी धरलेला.

"घे रे, तुह्यासाठी आणली," त्या दारातच म्हणाल्या. "बसमद्ये मांडीवरून खाली ठेवली नाही. कंडक्टर म्हणे, आजी, डब्यात काय आहे? म्हटलं, माही भाची आहे, हाफ तिकीट दे."

डब्यात प्लॅस्टिकची फुगवलेली पिशवी होती आणि पिशवीत निळा मासा.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊबीजेच्या दिवशी, ओवाळायच्या आधी, बहिणीच्या हातातली वस्तू मापात बसत नाही म्हणून परत द्यायची रीत आपल्याकडे नाही. मी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, हळूहळू टाकीचं पाणी तिच्यात मिसळलं आणि मासा सोडला. खरं सांगते, त्या संध्याकाळी दिवा लावल्यावर तो निळा रंग असा काही उजळला की मलाही वाटलं, होईलही कदाचित, राहीलही.

आबांचा तो हिवाळा फार सुखाचा गेला. सकाळी उठले की टाकीपाशी. माशाला शेवाळाची पत्री हातातून भरवायचे. त्यांनी परत दोन पोळ्या खायला सुरुवात केली.

पण मासा तीन फुटांत पोहत होता. पहिले काही दिवस तो दगडाआड राहिला, मग सरावला, आणि मग त्याने फेऱ्या धरल्या. या काचेपासून त्या काचेपर्यंत, वळायचं, परत. दिवा लागल्यापासून विझेपर्यंत. त्याचा रंग फिका पडायला लागला. क्लाउनच्या जोडीला तो कोपऱ्यातून हुसकायचा. दातांचे डॉक्टर एकदा या बाजूला आले होते, ते बघून म्हणाले, "काका, हिवाळा आहे तोवर ठीक. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते. एवढा पोहणारा मासा एवढ्या पाण्यात उन्हाळा काढणार नाही. माझ्याकडे जागा आहे, द्यायचा तर आत्ताच द्या."

आबांनी त्यांना चहा पाजला आणि विषय बदलला. ते गेल्यावर मी म्हटलं, तर म्हणाले, "ताईनं मांडीवर बसवून आणली. मी देऊन टाकू? तिले काय सांगू?"

म्हणजे मुलांनो, असं होतं: ठेवला तर मासा उन्हाळ्यात जाणार होता, आणि तो गेला असता तर आबा परत वऱ्हांड्यात फेऱ्या मारायला लागले असते, हे मला दिसत होतं. दिला तर ताई दुखावणार होत्या. आणि उन्हाळा काही कोणासाठी थांबत नाही. आमच्याकडे तर शिमग्याच्या आधीच कूलर काढावे लागतात.

संक्रांतीला ताई दोन दिवस राहायला आल्या. दुपारी आम्ही तिघं हॉलमध्ये तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसलो होतो. ताईंची नजर टाकीकडे.

"काहून रे," त्या म्हणाल्या, "हे मासोयी अशी काहून करून राह्यली? ह्या काचेपासून त्या काचेलोक. तू नाही का करत होता वऱ्हांड्यात, डॉक्टरनं कोंडलं तवा? सारखी तुह्यावर गेली."

त्या हसल्या. आबा हसले नाहीत. त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते टाकीकडे असे बघायला लागले, जणू तो मासा त्यांना आत्ताच दिसला होता.

मला वाटलं, हीच वेळ. "ताई, त्याला ही टाकी लहान पडते. डॉक्टर म्हणतात, उन्हाळा निघणार नाही."

"मंग मोठी आणा."

"ही एवढीच भिंत आहे."

ताईंनी सूप बाजूला सारलं. "म्हंजे माही वस्तू तुमच्या घरात मावत नाही. सरळ सांगा ना मास्तरीणबाई, मापात बसत नाही म्हणून."

"तसं नाही हो ताई..."

"तसंच आहे. मले सहाची गाडी पकडाची आहे."

सहाला आर्णीची गाडी नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. तरी ताई उठून पिशवी भरायला लागल्या. लुगडं आत घातलं, बाहेर काढलं, परत आत घातलं. मी चहा ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. आता आबा काय करतात ते मी बघत होते. ते उठून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "तुले आर्णीले देली तवा म्या बापाच्या धोतराले धरून ठेवलं होतं. म्हटलं, तिले नको पाठवू."

"मंग?" ताई पिशवीतून वर न बघता म्हणाल्या.

"बाप काय म्हणे, आठवते?"

ताईंनी लुगड्याची घडी मोडली आणि परत घालायला घेतली.

"म्हणे, दोन खोल्याच्या घरात तिले किती दिवस कोंडून ठेवू. तवा मले बापाचा लय राग आला. तुले आला होता?"

"मले काय राग येईन," ताई म्हणाल्या. बराच वेळ त्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या. "आर्णीच्या घरी माणसं लय होती. सासू तोंडाची खराब. पर अंगण होतं बाप्पा. लय मोठं अंगण होतं." मग त्यांनी लुगड्याने नाक पुसलं आणि बाहेर येऊन सुपापुढे बसल्या. "कोणाच्या घरी देऊन राह्यला?"

"यवतमाळच्या दातवाल्या डॉक्टरच्या."

"माणूस कसा आहे?"

"माही दाढ काढली, मले समजलंबी नाही."

"टाकी केवढी?"

"सहा फूट."

"घरात आणखी कोण कोण आहे? सासू-बिसू?"

"एक पिवळी आहे. जुनी."

"म्हंजे जाऊ झाली," ताई म्हणाल्या. "चालते. भांडतीन चार दिवस, मंग होतीन एक." त्यांनी एक शेंग सोलली. "पर रीतीनं पाठव. पिशवीले गाठ मारून चोरावानी देऊ नको. आणि मास्तरीणबाई, तो चहा गरम करा."

ताईंसाठी तो मासा पहिल्यापासून मुलगीच होता; त्या क्षणापासून माझ्याही तोंडी तो 'ती' झाला. निळी.

पाठवणीचा दिवस ताईंनीच ठरवला आणि त्यासाठी त्या आर्णीहून परत आल्या. मी झाकणाची स्वच्छ बादली, बॅटरीवरचा हवेचा पंप आणि दोन जाळ्या तयार ठेवल्या होत्या. ताईंनी खण, नारळ, तांदूळ आणि हळदी-कुंकू आणलं होतं. मी बादलीपुढे हात आडवा धरून उभी राहिले.

"ताई, पाण्यात काही पडता कामा नये! चिमूटभर हळदीनेही ती मरेल."

"मले काय समजत नाही?" म्हणत त्यांनी बादलीच्या बाहेरून कुंकवाचं बोट लावलं आणि खणात नारळ-तांदूळ बांधून ती ओटी बादलीच्या कडीला अडकवली.

निळी मात्र यायला तयार नव्हती. जाळी दिसली की दगडाच्या फटीत शिरायची आणि अंगावरचे काटे रोवून घट्ट बसायची. या माशाच्या शेपटीपाशी चाकूसारखा एक काटा असतो, त्याने एक जाळी फाडली. आबा कोपरापर्यंत पाण्यात, मी जाळी धरून, क्लाउनची जोडी सैरावैरा, आणि ताई स्टुलावर बसून रडता रडता हसत होत्या.

"नाही जात ना ती! पाहा, कशी खांबाले धरून बसली! म्याबी खांब असाच धरला होता!"

शेवटी आबांनी शेवाळाची पत्री बोटात धरली. ती रोजच्या सवयीने बाहेर आली, आबांच्या हातातून खायला लागली, आणि मी खालून जाळी उचलली. आबांनी तो हात बराच वेळ पाण्यातच ठेवला. मग म्हणाले, "चला."

यवतमाळपर्यंत भाड्याच्या गाडीत आबांनी बादली दोन पायांत धरली होती. रस्त्यात खड्डा आला की ताई ड्रायव्हरला ओरडायच्या, "सावकाश रे बाप्पा, माहेरची माणसं हाओत आम्ही!" ड्रायव्हरला काहीच कळत नव्हतं, पण तो सावकाश चालवत होता.

दातांच्या डॉक्टरांकडे गाल धरून बसलेले पेशंट होते. त्यांच्यासमोरून आमची वरात आत गेली. डॉक्टरांनी ओटी बघितली, कुंकू बघितलं, आणि माणूस समजूतदार म्हणून हात जोडून पुढे आले. पण मग त्यांनी मोठ्या टाकीकडे न जाता आतल्या खोलीतली एक छोटी टाकी दाखवली. नवीन आलेला मासा काही दिवस वेगळा ठेवायचा, म्हणजे त्याला काही रोग असला तर इतरांना लागत नाही. हा नियम बरोबरच आहे आणि तो तुम्हीही पाळा.

ताईंना तो नियम कोणी सांगितला नव्हता.

"हे?" त्या म्हणाल्या. "या डबड्यात? आमच्या घरी तीन फूट होतं! माह्या भावाले सहा फूट सांगतलं आणि पोरगी कोठीच्या खोलीत?"

"आजी, आजार वगैरे नाही ना, एवढं बघायला..."

"आमची पोरगी आजारी आहे म्हणता?"

बाहेर कोणीतरी हसलं आणि लगेच "आई गं" म्हणून गाल धरला. डॉक्टरांनी बादलीवरच्या ओटीकडे बघितलं आणि ते म्हणाले, "आजी, सव्वा महिना. नव्या माणसाला सव्वा महिना तरी जपावं लागतंच ना?"

ताईंनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "सव्वा महिना म्हणता तर मंग ठीक आहे," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरांच्या बायकोने आणलेला चिवडा पहिल्यांदा नको म्हणून, दुसऱ्यांदा आग्रह झाल्यावर घेतला.

होळी झाली आणि डॉक्टरांचा फोन आला. आम्ही तिघं परत यवतमाळला. या वेळी निळी छोट्या टाकीतून मोठ्या टाकीत जायची होती. डॉक्टरांनी तिला सोडलं. ती सरळ मागच्या दगडाआड गेली. आम्ही बसून राहिलो. पेशंट आत जात होते, बाहेर येत होते. पिवळी दोनदा येऊन दगडापाशी शेपूट झटकून गेली.

"लाजून राह्यली," ताई पुटपुटल्या.

मग ती बाहेर आली. आधी थोडी, मग पुरी. आणि निघाली. आमच्या टाकीत जिथे काच यायची आणि तिला वळावं लागायचं, तिथवर पोचली आणि क्षणभर थबकली, असं मला वाटलं. कदाचित मलाच वाटलं असेल. मग पुढे गेली. दगडांवरून, पिवळीच्या अंगावरून, पार दुसऱ्या टोकापर्यंत.

"मॅडम," आबांनी माझा हात धरला, सगळ्या पेशंटांदेखत. "पाहा. वळली नाही."

आता हे तुमच्या टाकीचं. तुमची दोन फुटांची आहे, म्हणजे आमच्यापेक्षाही लहान. निळा, पिवळा, लायनफिश आणि शार्क, चौघांवरही काट. पुरा वाढल्यावर बोटाएवढा राहणारा मासा निवडा: क्लाउनची एक जोडी आणि तो गोबी-कोळंबीचा संसार, बस. एकदम सगळे आणू नका. आधी पाणी पिकू द्या. पाणी आटलं की वरून गोडं पाणी घाला, खारं नाही, कारण उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं. दुकानदार "एवढासा तर आहे" म्हणाला, तर त्याला विचारा की हा पुरा वाढल्यावर केवढा होतो, आणि उत्तर देताना त्याचा चेहरा बघा. आणि तो निळा तिथल्या एखाद्या मोठ्या मत्स्यालयात जाऊन मनसोक्त बघा. त्यात कमीपणा नाही. आबा तेच करतात. त्यांचे सगळे दात आता तपासून झाले आहेत, दोनदा, तरी महिन्यातून एकदा कुठला ना कुठला दुखतोच. ताई आर्णीहून बस पकडून थेट तिथे येतात, पिवळीच्या तक्रारी ऐकतात आणि डॉक्टरांच्या बायकोला सूचना देऊन परत जातात.

आबा परत शेतात जायला लागले आहेत, मोटरसायकलवर नाही, कोणाच्या तरी गाडीत. या वर्षीचा उन्हाळा नेहमीसारखाच झाला. कूलर लावून, टाकीवर पंखा ठेवून आम्ही तो काढला. निळी यवतमाळला आहे, आता माझ्या वितीएवढी झाली आहे, आणि रंग भरून आला आहे. आमच्या टाकीत क्लाउनची जोडी, गोबी आणि त्याची कोळंबी आहे. सगळे जिवंत आहेत.